दुपारचं पाणी

मालवण, बंदर रोड
२७ जून १९८५

प्रिय सावित्री,

सलाम. तुझी आई गेली तेव्हा दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यालाही तीन वर्षं झाली. आज लिहितेय ती गरज पडली म्हणून, आणि त्याची लाज वाटते. पण तू शाळेत माझ्या शेजारी बसायचीस आणि आता मुंबईला मनाच्या आजाराच्या वॉर्डात नर्स आहेस. दुसऱ्या कुणाला लिहू?

याकूब ठीक नाही. (मामाचा मुलगा म्हणून लग्नानंतरही मी त्याला नावानेच हाक मारते, तुला ठाऊक आहे.) सतरा दिवस झाले, तो झोपलेला नाही. तासभर डोळा लागतो की पुन्हा उठतो. दुकानात गिऱ्हाइकांची एकेचाळीस घड्याळं दुरुस्तीला आली होती, ती सगळी त्याने एका दिवसात उघडली. काटे एका बशीत, चक्रं दुसऱ्या बशीत. म्हणतो, ह्यांचे ठोके जुळत नाहीत, मी सगळ्यांना एका तालावर आणतो. आता कुठलं चक्र कुणाचं, ते त्यालाही सांगता येत नाही. परवा चालत देवबागपर्यंत गेला. बंदरावर मोठं घड्याळ बांधायचं, ते खाडीतल्या होडीवाल्यांना दिसेल का, हे बघायला.

खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस मलाही तो असा आवडतो. हसतो, गाणी म्हणतो, मला राणीसारखी वागवतो. मग त्याच्या बोलण्याला कुणाचं बोलणं गाठत नाही आणि अडवलं की डोळे फिरवतो. पण मला भीती आहे ती याची नाही. गेल्या वर्षी असाच धावला आणि नंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हा एकदा त्याने मला विचारलं होतं, "आपली बाव किती खोल आसा गो?" तेव्हापासून मी विहिरीला झाकण घातलंय.

दर्ग्यावर नेऊन आणला. मंत्र घालणारा घाडीही बघून गेला. कुणी म्हणतं भुताचं लागीर, कुणी म्हणतं डोकं फार चालवलं म्हणून. रमझानात त्याने आणखी एक गोष्ट केली, ती पत्रात लिहिण्यासारखी नाही.

तुमच्याकडे याला काही औषध आहे का, तेवढं कळव.

तुझी
रुकय्या


मुंबई
३ जुलै १९८५

प्रिय रुकय्या,

लाजायचं काही कारण नाही. तू लिहिलंस ते वाचून मी आमच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "या बाईंनी आम्हाला शिकवण्याइतकं नीट बघितलंय." हा आजार आहे. लागीर नाही, आणि डोकं चालवल्याने होणारा नाही. कधी असं धावणं, कधी असं पडणं, दोन्ही एकाच आजाराची रूपं.

औषध आहे. त्याचं नाव लिथियम. ते एक प्रकारचं मीठच आहे, दगडातून निघतं. झोपेचं औषध नव्हे. पण ते सुरू करण्याआधी तपासण्या लागतात आणि दर काही दिवसांनी रक्त बघावं लागतं, म्हणून त्याला इथे आण. गाडीत तुझ्याबरोबर कुणीतरी जाणता माणूस असू दे. आणि त्याला फसवून आणू नकोस. आजारी आहेस, दवाखान्यात चाललोय, असं सरळ सांग. फसवून आणलेला माणूस पुढे गोळीवरही विश्वास ठेवत नाही.

तुला आमचा श्रीपाद आठवत असेल. माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला पावसाळाभर पडवीत बांधून ठेवायचो, आणि तू कुंपणापलीकडून त्याला काजूगर द्यायचीस. लोक लांबून जायचे, तू द्यायचीस. तो गेला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. याकूबसारखाच होता, हे मला नर्सिंग शिकताना कळलं. तेव्हा हे औषध आपल्याकडे कुणाच्या कानावरही आलं नव्हतं.

याकूबला मिळतंय. उशीर करू नकोस.

सावित्री


मालवण
२० सप्टेंबर १९८५

प्रिय सावित्री,

सुखरूप पोचलो, त्यालाही पंधरवडा झाला. तू स्टँडवर दिलेली चपाती-भाजी पनवेलच्या पुढे खाल्ली. तुझ्या वॉर्डातले ते सात आठवडे मी विसरणार नाही. तुझा राग मात्र येतो, की इतकी माणसं सांभाळून संध्याकाळी तू आमच्यासाठी भात टाकायचीस आणि आम्हाला काही करू द्यायची नाहीस.

इथे आल्यावर याकूबने पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? त्या एकेचाळीस गिऱ्हाइकांकडे एकेक करून गेला. मी म्हटलं, पत्र टाकू, निरोप देऊ. नाही म्हणाला. प्रत्येकाच्या ओसरीवर उभा राहून सांगितलं, तुमचं घड्याळ मी मोडलं, मी आजारी होतो, आता जोडून देईन, वेळ लागेल. आचऱ्यापर्यंत गेला. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच परत पाठवला. घरी येऊन मला दोन्ही सारख्याच आवाजात सांगायचा.

गोळ्या सांगितल्याप्रमाणे चालू आहेत, सकाळ, दुपार, रात्र. महिन्यातून एकदा पहाटेच्या गाडीने गोव्याला जातो, सकाळची गोळी न घेता रक्त देतो आणि मग तिथेच गोळी घेतो. झोप चांगली आहे. पाणी खूप पितो.

पण सावित्री, हात थरथरतात. कप धरतो तेव्हा फारसं कळत नाही. घड्याळात केसाहून बारीक स्प्रिंग असते, ती चिमट्यात धरली की कळतं. काल सहा वेळा धरली, सहा वेळा निसटली. मग चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हात निजलेत, उठतले." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

हे कायमचं आहे का? खरं ते लिही.

रुकय्या

ता.क. सावित्री, मी याकूब. एक विचारायचं राहिलं. मेंदू आतून घड्याळासारखा असतो काय?


मुंबई
२ ऑक्टोबर १९८५

प्रिय रुकय्या,

खरं ते लिहिते. थरथर औषधाचीच आहे. काहींची दोन-तीन महिन्यांत कमी होते, काहींची राहते. डॉक्टरबाईंनी दिवसाच्या चार गोळ्यांच्या तीन करायला सांगितल्यात, आणि थरथर कमी व्हायला एक वेगळी छोटी गोळी लिहून दिलीय, चिठ्ठी सोबत आहे. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, पूर्ण जाईल असं वचन देत नाही. घड्याळजीच्या हाताला जेवढी थरथर अडवते, तेवढी दुसऱ्या कुणाला जाणवतही नाही. याकूबच्या बाबतीत हे दुर्दैव खरं.

त्याचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घड्याळासारखा असता तर आम्ही केव्हाच उघडून बघितला असता." मग बराच वेळ समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात. आजारात ते निरोप बेसुमार होतात किंवा मंदावतात, आणि लिथियम त्या देवाणघेवाणीला कुठेतरी आवर घालतं. पण नेमकं कुठे आणि कसं, ते अजून जगात कुणालाच पुरतं ठाऊक नाही. मी इतकी वर्षं या वॉर्डात आहे, पण मला अजून नवल वाटतं. एवढासा क्षार, दगडातला, आणि बांधून आणलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी मला विचारतो, "सिस्टर, तुम्ही जेवलात का?"

आता नीट वाच आणि स्वयंपाकघरात चिकटवून ठेव. पाणी दिवसाला तीन लिटर. जेवणात मीठ नेहमीसारखं, कुणी कितीही सांगितलं तरी मीठ सोडायचं नाही. उलट्या-जुलाब झाले, हात जास्त थरथरू लागले, चालताना झोक गेला किंवा जीभ जड झाली, तर गोळ्या बंद करून तडक मोठ्या हॉस्पिटलात. हे औषध चांगलं आहे, पण औषध आणि विष यांत फार अंतर नाही. ते अंतर पाणी राखतं.

सावित्री


मालवण
११ जानेवारी १९८६

प्रिय सावित्री,

हसू नकोस. मी घड्याळं दुरुस्त करते.

असं झालं. नव्या गोळीने थरथर निम्म्यावर आली. भिंतीवरची घड्याळं, गजराची घड्याळं तो आता आरामात करतो. पण मनगटावरची होईनात. नोव्हेंबरात एक दिवस मी डबा घेऊन गेले, तर तो एका घड्याळाकडे नुसता बघत बसला होता. मला म्हणाला, "जरा हयसर बस." भिंग माझ्या डोळ्याला लावलं, चिमटा हातात दिला. "ता चाक दिसता? उचल." मी उचललं. "आता दम सोड आणि मग ठेव. बोटान नको, मनगटान." ठेवलं. चाक बसलं. मला वाटलं तो माझी चेष्टा करतोय, पण त्याने दुसरं घड्याळ पुढे केलं.

पहिल्या महिन्यात मी तीन स्प्रिंगा मोडल्या. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. आधी, बरा असतानाही, तो असा नव्हता. हातातलं काम दुसऱ्याला द्यायचा नाही. आता मागे उभा राहतो आणि माझ्या खांद्यावरून बघतो. कधी तर बघतही नाही, घड्याळ कानाला लावतो आणि सांगतो, "दुसऱ्या चाकाक तेल जास्त झाला." आणि तसंच असतं. पंचवीस वर्षांची कारागिरी एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात अशी देता येते, हे मला माहीत नव्हतं. देणाऱ्याला किती जड जात असेल, ते त्याने एकदाही दाखवलं नाही.

मासळीबाजारातली हौसाबाई तिच्या नवऱ्याच्या आठवणीचं घड्याळ घेऊन आली. मला बाकावर बघून बाहेरच थांबली. "बायल मनीस घड्याळ उघडता? तुझ्या घोवाक काय झाला?"

मी काही म्हणायच्या आत याकूब पुढे झाला. "हौसाबाय, माझे हात थरथरतत. औषधान. माका मेंदूचो आजार आसा, आणि त्या औषधाशिवाय माझा भागणा नाय. काम ही करतली, मी बघतलंय. नको असला तर घेवन जा, माका राग नाय."

बाजारात सगळे ऐकत होते. हौसाबाई आत आली. "चलला म्हणजे झाला," म्हणाली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. चार दिवसांनी नेलं. चालतंय. त्यानंतर तिने अख्ख्या बाजाराला सांगितलं.

याकूब उन्हाळ्यापर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस पुरी करायची म्हणतो. एकोणतीस झाली.

रुकय्या


मुंबई
२८ एप्रिल १९८६

प्रिय रुकय्या,

तुझं जानेवारीचं पत्र मी वॉर्डात वाचून दाखवलं, तुमची नावं न सांगता. एक पेशंट, शाळामास्तर होते, ते म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार कळवा." कळवते. त्यात माझाही धर.

एकच विचारायचं आहे. पुढच्या महिन्यात रमझान येतो. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर पाण्याशिवाय राहणं याकूबला चालणार नाही. त्याचं काय ठरलंय, उलट टपाली लिही.

सावित्री


मालवण
२१ मे १९८६

प्रिय सावित्री,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. रमझानची कामं असतात. आम्ही सगळी बरी आहोत. तू विचारलंस त्याची काळजी करू नकोस.

याकूबला या उन्हाने थोडं बाधलंय. चार दिवस पोट बिघडलंय, फणस जास्त झाला असेल. सकाळी एकदा उलटी झाली. हात परत जरा वाढलेत, त्याने काम थांबवलंय. झोपून असतो. गोळ्या मात्र एकही चुकवत नाही, माझ्यासमोर घेतो. हवा बदलली की बरा होईल.

एकेचाळीसमधली शेवटची दोन उरलीत.

याकूबला तुला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून जागा सोडते.

रुकय्या

सावि त्री, मी ठी क. तु झ्या डॉक टर बाईना सलाम सां


तार
मुंबई, २६ मे १९८६

गोळ्या आताच बंद. पाणी पाजत राहा. आजच गाडी करून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. लिथियम चढलंय असं सांगा. थांबू नका. सावित्री


मालवण
१२ जून १९८६

प्रिय सावित्री,

काल त्याला घरी आणला. स्वतःच्या पायांनी चढला तो पायऱ्या.

तुझी तार आली तेव्हा तो उठून मोरीपर्यंत गेला होता आणि भिंत धरून उभा होता. ताडी प्यायल्यासारखं बोलत होता. मला वाटत होतं अशक्तपणा आहे. तार वाचली आणि तुझा तो कागद, स्वयंपाकघरात चिकटवलेला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यातलं एकेक होत होतं आणि मी रोज त्याच भिंतीशी भाकऱ्या थापत होते.

गोव्याला रक्तात लिथियम नेहमीच्या तिपटीहून जास्त निघालं. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर मेंदूला कायमची इजा झाली असती, किंवा माणूसच गेला असता. पाच दिवस त्याने मला धड ओळखलं नाही.

आता तुला खरं सांगते. तो पहिल्या दिवसापासून रोजे धरत होता. गोळ्या पहाटे आणि संध्याकाळी घ्यायचा, त्याला वाटलं गोळी चुकत नाही म्हणजे झालं. तुला कळवायचं नाही म्हणून त्याने मला शपथ घातली, आणि मी ती पाळली. माझी चूक त्याच्यापेक्षा मोठी.

का धरत होता, तेही सांगते. गेल्या वर्षी जे लिहायला मला लाज वाटली होती, ते हेच. गेल्या रमझानात, तो धावत होता तेव्हा, त्याने मशिदीतलं भिंतीवरचं घड्याळ 'दुरुस्त' केलं. बारा मिनिटं पुढे गेलं. आभाळ भरलेलं, सूर्य दिसत नव्हता. घड्याळ बघून अजान झाली आणि सगळ्या मोहल्ल्याने बारा मिनिटं आधी रोजा सोडला. पलीकडच्या मशिदीची अजान नंतर ऐकू आली तेव्हा कळलं. तो रोजा सगळ्यांना पुन्हा धरावा लागला. आमच्या सलमाआपा ऐंशीच्या आहेत, त्यांनीही धरला. याकूबला कुणी तोंडावर एक शब्द बोललं नाही. तेच त्याला लागलं. त्या एकेचाळीस लोकांना सांगता आलं, मोहल्ल्याला नाही. म्हणून यंदा तीसच्या तीस धरायचे, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

बाजूच्या खाटेवरच्या माणसाची बायको म्हणत होती, कसलं हे औषध, फेकून दे. याकूब तेव्हा नुकता शुद्धीवर आला होता. तो म्हणाला, "औषधाची चूक नाय. मी तेका तान्हेला ठेवलंय."

रुकय्या


मुंबई
२० जून १९८६

प्रिय याकूब,

हे पत्र तुझ्यासाठी. रुकय्याला दाखवलंस तरी चालेल.

तुझ्या दोन ओळी बघून मला कळलं. ज्याने तांदळाएवढ्या अक्षरात घड्याळाच्या पाठीवर नावं कोरली, त्याची ती अक्षरं होती. पत्र पोचायला पाच दिवस लागले, त्या पाच दिवसांचा विचार मी अजून करते.

झालं ते असं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकत नाहीत, साठवून ठेवतात. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तात ते चढत जातं. तू गोळी चुकवली नाहीस याचं मला कौतुकच आहे. आमच्याकडे बरे झालेले निम्मे लोक वर्षभरात गोळ्या सोडतात, का तर बरं वाटतंय म्हणून. हात गेले, कारागिरी दुसऱ्याच्या हातात दिलीस, तरी तू सोडल्या नाहीस. माझ्या भावाला एवढी संधी मिळाली असती तर त्याने काय केलं असतं, मला माहीत नाही. तू जे केलंस ते फार थोडे करतात.

पण डॉक्टरबाई म्हणतात, गोळीची वेळ मागेपुढे करता येईल, उन्हाळ्यातलं दुपारचं पाणी टाळता येणार नाही. पुढच्या वर्षीही रमझान मे महिन्यातच आहे. तुमच्या मशिदीत नमाज पढवणाऱ्या खतीबांना, नुरुद्दीनसाहेबांना, मी हे सगळं लिहू का? ते मला लहानपणापासून ओळखतात. पण तुझी गोष्ट तुझी आहे. तू हो म्हटल्याशिवाय लिहिणार नाही.

सावित्री


मालवण
५ जुलै १९८६

सावित्री,

लिहू नकोस. घड्याळ मी पुढे केलं, सांगायलाही मीच जाणार.

तुझे आभार कसे मानायचे ते येत नाही, म्हणून मानत नाही. तीन गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. गोव्याचा रिपोर्ट बरा आहे.

वॉर्डात असताना तू एकदा विचारलं होतंस की औषधाने काही हरवल्यासारखं वाटतं का. तेव्हा मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. पूर्वी डोळे मिटले की मला चाळीस घड्याळं वेगवेगळी ऐकू यायची, आणि सगळं जग माझ्याशी बोलतंय असं वाटायचं. खरंच यायची की तसं वाटायचं, आता सांगता येत नाही. आता दोन-तीन येतात. पण दुरुस्त करायचं असतं ते एकच. आणि रुकय्या शेजारी काय म्हणते, ते पूर्वी मला ऐकूच यायचं नाही.

तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिला सांगू नकोस, चढून बसेल.

याकूब


मालवण
४ मे १९८७

प्रिय सावित्री,

सलाम. तुझ्या बढतीचं पत्र मिळालं. मोठी सिस्टर झालीस, आता तुला घड्याळ भेट दिलं पाहिजे. मीच उघडून, पुसून, तेल घालून देणार.

याकूबचा गेल्या महिन्याचा रिपोर्ट छान आहे. वर्षभर ना धावला, ना पडला. विहिरीवरचं झाकण मी काढलं नाही, पण आता पाणी ओढताना ते कशासाठी घातलं होतं ते आठवत नाही.

परवाचं सांगायला बसलेय.

गेल्या जुलैत याकूब नुरुद्दीनसाहेबांकडे गेला होता. मशिदीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. घड्याळ, आजार, गोळ्या, गोव्याचं हॉस्पिटल. खतीबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पाणी किती पियाचा लागता?" तीन लिटर, म्हणाला. ते बरं म्हणाले आणि उठले. त्यानंतर दहा महिने त्या विषयावर एक शब्द नाही. याकूबला वाटलं, त्यांना पटलं नाही.

यंदा पहिला रोजा शुक्रवारी आला. याकूबने धरला नव्हता. त्याच्या वाट्याच्या एकेका रोज्यामागे एका माणसाला जेवण द्यायचं ठरवलंय, तसं धर्मातच आहे, ते मी करते. पण दुपारचं पाणी प्यायला त्याला बाजारातून घरी जायचं होतं. दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या होत्या. जुम्माच्या नमाजाला सगळे मशिदीकडे चालले होते, त्यांच्यातून घरी कसं जावं म्हणून तो आत थांबला होता. मी बाकावर होते.

नुरुद्दीनसाहेब येत होते, मागे दहा-पंधरा माणसं. दुकानासमोर थांबले. "फळी काढ," म्हणाले. याकूबने काढली. ते आत आले.

"पाणी पियालंस?"

"घरी जावन पितंय, साहेब."

"घराक कित्या?"

कोपऱ्यात तांब्या होता. त्यांनी स्वतः उचलला, पेला भरला आणि याकूबच्या हातात दिला. पहाटेपासून त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ सुकलेले दिसत होते. सगळे रस्त्यात उभे राहून बघत होते. याकूबचा हात तसाच थरथरला, थोडं पाणी दाढीवर सांडलं. त्याने पेला रिकामा केला. खतीबांनी पुन्हा भरला. "अजून एक. तीन लिटर म्हणालेलंस ना." मग ते वळले आणि मशिदीकडे गेले. कुणाला काही समजावलं नाही. याकूब तोंड पुसून त्यांच्यामागे नमाजाला गेला.

संध्याकाळचं मी बघितलेलं नाही, याकूबने घरी येऊन सांगितलं ते लिहिते. रोजा सोडायला मशिदीत चटया घातल्या होत्या. आपला रोजा नाही म्हणून तो दाराशी टेकून उभा होता. नुरुद्दीनसाहेबांनी त्याला हाक मारून शेजारी बसवलं. समोरून कुणीतरी म्हणालं, वाईट मनाने नव्हे, सहज, "साहेब, याकूबाचो रोजो खंय आसा?"

खतीब म्हणाले, "आमचो रोजो सांजेक मगरिबाक सुटता. ह्याचो बारा म्हयने चालता. सरका जरा, तेका जागा देया."

माणसं सरकली. अजान झाली, तेव्हा खजुराची बशी पहिल्यांदा त्याच्यापुढे आली.

हे सांगून याकूब उठला, माठातून पाणी घेतलं, रात्रीची गोळी घेतली आणि मला म्हणाला, "सावित्रीक कळव." म्हणून लिहिलं.

तुझी
रुकय्या